शमीमखालाच्या अन् आमच्या मधली भिंत

शमीमखाला गेली हे आम्हाला तिच्या पुतण्याच्या फोनवरून कळलं. पुतण्या राहतो धाड गावाला, बसनं जावं लागतं इतका लांब. आम्ही राहतो खालाच्या घरामागे. मधे फक्त एक प्लॉट. आदल्या दुपारी ती मागच्या अंगणात पडली. हाक मारली असेल... आई तेव्हा स्वयंपाकघरातच होती. तिला काही ऐकू आलं नाही. सकाळी दूधवाल्यानं पाहिलं, अन् त्यानं धाडला कळवलं.

तो प्लॉट माझ्या लहानपणी मोकळा होता. आमचं मागचं दार उघडलं की समोर खालाचं अंगण. तिच्याकडे शेवयांचं हाताचं मशीन होतं, अन् अख्खी गल्ली पिठाचे गोळे घेऊन तिच्याकडे जायची. तिच्या ईदच्या अन् आमच्या अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, शेवया त्या प्लॉटवर एकाच दोरीवर वाळायच्या. खाला ओरडायची, "माह्या शेवया पाहा कशा लंब्या! तुह्या मायच्या साऱ्या तुटक्या. तोंड जास्त चालवते, हात कमी!" आई दारातून म्हणायची, "हाव, अन् तुमचं पीठ कोनं चाळून देल्लं मंग?" बुलढाण्यातल्या आमच्या वस्तीत शेजार म्हणजे हा असा, प्लॉटभर मोठ्या आवाजातला.

मग प्लॉट विकला गेला अन् तीन मजली इमारत ठरली. मी पत्रकं छापली, घरोघर वाटली, नगरपरिषदेत हरकत दिली. पहिलं पत्रक वाचून दाखवलं तेव्हा खालानं मलाच थांबवलं. "घर नोको असं काऊन लिवतं वं पोरी? मानसाईले राह्यले घर लागतेच. इकडून खिडक्या ठेवा म्हना, एखांदं दार ठेवा म्हना. बस." तिचं बरोबर होतं. गावानं शेतं गिळत पसरण्यापेक्षा आतल्या मोकळ्या जागा भराव्यात, हे मलाही पटतं. मी हरकत बदलली. खिडक्या मागितल्या, बाजूला नियमाची जागा सोडा म्हटलं. बिल्डरनं हसून सांगितलं, "ताई, जुन्या घराईचे पत्रे पाह्यले फ्लॅट कोन घेते?" म्हणजे इमारत आमच्या मधोमध उभी राहणार, अन् आमच्याकडे पाठ करून! आमच्या बाजूला आल्या न्हाणीघरांच्या जाळ्या अन् सांडपाण्याचे पाइप. खालाच्या बाजूला नुसती भिंत. ऊन गेलं, दोरी गेली. तिला आमच्याकडे यायला मोठ्या रस्त्यानं वळसा पडू लागला, अन् गुडघे तर आधीच गेलेले. येणं कमी झालं, मग सणापुरतं उरलं.

इमारतीत लोक राहायला आले, त्या पहिल्या ईदला मात्र ती शीरखुर्म्याच्या वाट्या घेऊन त्या इमारतीचे जिने चढली. आमच्यात कोणाची वाटी रिकामी परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. दुसऱ्या दिवशी वॉचमननं एका पिशवीत सगळ्या वाट्या आणून दिल्या. घासलेल्या, चकचकीत. खाला वळसा घालून आईला सांगायला आली. "लय सफाईवाले लोक हायेत, बाई. मले घासाचंबी काम ठेवलं नाई." हसली. मग उठता उठता म्हणाली, "साखरबी नोयती..."

ती माणसं वाईट नव्हती, हे मी रागात असूनही लिहिते. त्यांना घर विकणाऱ्यानं शेजार दाखवलाच नव्हता. नकाशावर आम्ही म्हणजे मागची बाजू. पण नकाशा मंजूर करणाऱ्यांना आम्ही माहीत होतो. माझी हरकत त्यांच्याकडे होती. त्यांनी एकदा येऊन खालाच्या अंगणात उभं राहायला हवं होतं. कोणी आलं नाही.

मागच्या आठवड्यात पुतण्या घर आवरायला आला, म्हणून मी गेले. अंगणाच्या कोपऱ्यात, इमारतीची भिंत अन् कुंपण यांच्यात हातभर फट आहे. तिथं बांधकामातून उरलेल्या विटा रचलेल्या, वर चौघडी केलेलं पोतं. पोतं मधोमध बसून बसून खोलगट झालेलं. इथं ना ऊन, ना वारा. पुतण्याला विचारलं. तो म्हणाला, "काय मालूम... मी आलो का चाची संध्याकाळी इथंच बसे."

मी बसले. त्या फटीतून पलीकडचं एकच दिसत होतं... आमचं मागचं दार. उघडं होतं. आई उंबऱ्यावर बसून भाजी निवडत होती. मी हाक मारली. दोनदा. तिनं मान वर केली नाही.