उलटी प्रदक्षिणा

आमच्या गोडादरा वस्तीत मी बायकांना मोपेड शिकवते. लायसन्स काढायला, विमा उतरवायला सोबतही जाते. त्यामुळे किस्से शोधत मला कुठे जावं लागत नाही. ते रोज संध्याकाळी मैदानावर येतात, मोपेडवर बसतात आणि माझ्याच अंगावर चालून येतात.

*

आमच्या इंदूमावशी घरी बसून साड्यांना लेस लावतात. त्यांना मी सांगत होते की विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही.

"मी कुणाला धडकले तर पैसे मला मिळणार?"

"नाही मावशी, जिला लागलं तिला."

"आणि हप्ता मी भरायचा?"

"हो."

मावशींनी थोडा विचार केला. "मग गाडी तिलाच चालवू द्या. मी धडकून घेते."

*

याच मावशी लर्निंगच्या परीक्षेला बसल्या. कॉम्प्युटरवर हॉर्न वाजवू नका अशी खूण आली, त्यांनी हॉर्न वाजवा हे उत्तर दाबलं. चूक दाखवल्यावर त्या थेट साहेबांकडे गेल्या.

"साहेब, जरा खिडकी उघडून ऐका."

साहेबांनी खरंच खिडकी उघडली, ऐकलं आणि लगेच बंद केली. बाकीची उत्तरं बरोबर होती, म्हणून मावशी पास झाल्या.

*

माझी सगळ्यात जिद्दी विद्यार्थिनी म्हणजे वंदना. गाव तिचं धुळ्याकडचं. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याच्या मागे बसत आली होती, आणि तिला एकदा तरी पुढे बसायचं होतं. नवरा भास्करराव रोज मैदानाच्या कडेला बाईक उभी करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "बाईमाणसाचं काम नाही हे."

मला त्याचा भारी राग यायचा, कारण लायसन्स त्याच्याकडेही नव्हतं. लग्नाआधीपासून तो तसाच गाडी चालवत होता.

*

एकदा पर्वत पाटियाच्या चौकात पोलीस दिसल्याबरोबर भास्करराव खाली उतरला आणि बाईक ढकलू लागला. ढकलायला लायसन्स लागत नाही, हे त्याचं ठरलेलं शहाणपण.

"काय झालं, काका?"

"बंद पडली, साहेब."

पोलीस भला माणूस होता. त्याने स्वतः किक मारली, गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

"बसा आता," तो म्हणाला, "आणि लायसन्स दाखवा."

ही गोष्ट वंदनाने मला हसून हसून डोळे पुसत सांगितली.

*

पण वंदनाचंही घोडं अडलं होतं. टेस्टला आठच्या आकड्यात गाडी फिरवावी लागते. तिचं उजवीकडचं वर्तुळ झकास व्हायचं, डावीकडे वळली की पाय जमिनीवर. त्यावरून ती एकदा नापास झाली. तिच्यापेक्षा मलाच जास्त वाईट वाटलं.

"ताई, देवळात जन्मभर उजवीकडूनच फिरले," ती म्हणाली. "उलटी प्रदक्षिणा कशी घालू? मना हातच वळस नही."

मी डोक्याला हात लावला. मग एकदम सुचलं.

"महादेवाला कशी घालतेस?"

"पिंडीच्या पन्हाळीपर्यंत जायचं. ती ओलांडायची नाही. तिथून उलटं फिरायचं."

"मग डावीकडची महादेवाची समज."

तिने हात जोडले, गाडी सुरू केली आणि पुढच्या टेस्टला असा आठ काढला की कठड्यावर बसलेल्या आमच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. भास्करराव म्हणाला, "नशीब."

*

या हिवाळ्यात आमच्या गल्लीची सहल हिमाचलात गेली. बर्फावर चालणाऱ्या स्कूटर पाहून भास्करराव सगळ्यांच्या आधी जाऊन एका स्कूटरवर बसला. बायकोला म्हणाला, "बस मागे."

स्कूटरवाला कागद घेऊन आला. "चलाएगा कौन? लाइसेंस दिखाइए. बीमा उसी के नाम का बनेगा."

"अरे भाई, शादी के पहले से चला रहा हूँ."

"लाइसेंस?"

भास्कररावने खिसे चाचपले. उगाचच. पोलिसाच्या त्या किकनंतरही त्याने लायसन्स काढलं नव्हतं.

वंदनाने पर्स उघडली. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं कार्ड काढून पुढे केलं. स्कूटरवाल्याने ते पाहिलं, कागदावर तिची सही घेतली आणि भास्कररावला म्हणाला, "आप पीछे आइए."

पुढे बर्फात दोन झेंडे रोवले होते. दोन्हींना वळसा घालून परत यायचं होतं. वंदनाने पहिला झेंडा उजवीकडून घेतला. दुसऱ्यापाशी ती डावीकडे वळली, स्कूटर कलली, आणि मागून भास्करराव ओरडला, "अगं, उलटी कुठे फिरतेस?"

तिने मान वळवली नाही.

"महादेवनी शे. घट्ट धरा."