अतुलचं मॅन्युअल आणि खोलीभर कापूस

घाटंजीच्या अतुलला कुणी काही विचारलं की तो आधी "सोपं आहे" म्हणायचा आणि मग अर्धा तास माणसाला सोडायचा नाही. या गुणापायी मित्र त्याला रस्त्यात टाळायचे. नागपूरच्या एका कंपनीला मात्र नेमका असाच माणूस हवा होता. त्या कंपनीचं वायदेबाजाराचं सॉफ्टवेअर होतं. त्यात आपण नियम लिहून ठेवायचे, भाव इथे आला की घे, तिथे गेला की विक. मग माणूस जेवत असो की घोरत असो, कॉम्प्युटर नियम पाळणार. हे नियम लिहायची एक छोटीशी भाषा होती. भाषा चांगली, पण तिचं मॅन्युअल असं की वाचणाऱ्यानं येत होतं तेही विसरावं. ते माणसांना कळेल अशा मराठीत नव्यानं लिहायचं काम अतुलकडे घरबसल्या आलं.

घरबसल्या म्हणजे घरच्या शेतातल्या, अजून न विकलेल्या कापसाच्या ढिगाला पाठ टेकून. त्या वर्षी कापसाचा भाव कधी नव्हे एवढा चढला होता आणि उतरायलाही लागला होता. वडील डोमाजी रोज म्हणायचे, "अतुल्या, इकून टाक." अतुल स्क्रीनवरचा आलेख दाखवायचा. "थांबा बाबा. भाव पुन्हा वर जाईन." बाजाराच्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल लिहिणाऱ्याला बाजार कळत नाही असं कोण म्हणणार? डोमाजी पाठ खाजवायचे. कापसानं घरात सगळ्यांनाच खाज सुटली होती.

अतुलची बायको मोनाली बाळंतपणाला माहेरी, बोरी अरबला गेली होती. मुलगी झाली, दीड महिन्याची झाली, तरी अतुलनं तिला आपल्या घरात पाहिलं नव्हतं. घरात खोल्या दोनच, त्यातली एक कापसानं आढ्यापर्यंत भरलेली. मोनालीनं स्वच्छ सांगितलं होतं, "त्या धुळीत माही पोरगी झोपणार नाई. कापूस जाईन, तवाच मी येईन."

"येत्या आठवड्यात जाते कापूस," अतुल म्हणायचा. असे आठवडे बरेच गेले.

मॅन्युअलचं प्रत्येक पान झालं की अतुल ते मोनालीला फोनवर वाचून दाखवायचा. तिला कळलं तर पान पास. मांडीवरच्या पोरीला थोपटत ती ऐकायची आणि दर दोन ओळींनी "काहून? असं का?" विचारायची. त्या प्रश्नांनी मॅन्युअल खरोखर सुधारत गेलं. नागपूरच्या साहेबांनी शाबासकी दिली, ती अतुलनं एकट्यानंच घेतली.

अडलं ते स्टॉपलॉसच्या पानावर. भाव पडायला लागला तर कुठे विकून मोकळं व्हायचं ते आधीच ठरवून ठेवायचं, तो हा नियम. बाकीचं सगळं झालं, एवढंच पान होईना. साहेबांचे फोनवर फोन. शेवटी अतुलनं कापसाचंच उदाहरण घेतलं आणि मोनालीला वाचून दाखवलं: "भाव ठरवलेल्या पातळीच्या खाली गेल्यास माल विकावा. मात्र भाव पुन्हा वाढेल असे वाटल्यास थांबावे."

"कोनाले वाटल्यास?" मोनालीनं विचारलं.

"म्हणजे... ज्याचा माल त्याले."

"पण नियम त कम्प्युटर पाळते ना? त्याले कसं वाटन?"

अतुलनं त्या भाषेतल्या सगळ्या आज्ञा मनात चाळल्या. भाव बघायची होती, तुलना करायची होती, थांबायचीही होती. वाटण्याची एकही नव्हती.

"काढून टाका ते," मोनाली म्हणाली.

त्यानं ते वाक्य खोडलं. पान एकदम छोटं आणि लख्ख झालं. इतके दिवस जे जमत नव्हतं ते हेच, हे कळून त्याला आनंद व्हायला हवा होता.

"आता समजलं मले," ती म्हणाली. मग पोरीला थोपटत, "आपल्या कापसाले कोणती पातळी लावली होती तुमी?"

"लावली नोती," अतुल हळूच म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एका प्रश्नाला एवढं छोटं उत्तर दिलं असेल.

दुसऱ्या दिवशी कापूस न्यायला गावातल्या देवसिंगचा मेटाडोर दारात लागला. कापूस पडत्या भावात गेला. अतुलच्या आईनं, तुळसाबाईनं खोली झाडली, भिंती ओल्या फडक्यानं पुसल्या, आणि त्याच आठवड्यात मोनाली पोरीला घेऊन आली.

आणि बाजाराची खोड बघा, भाव लगेच थोडा वधारला! डोमाजी बातमी घेऊन आले तेव्हा मोनाली अतुलच्या हातात पोरगी देऊन पाणी तापवायला गेली होती. खोटं कशाला सांगा, भाव ऐकून अतुलला आलेख उघडावा असं फार वाटलं, पण हात मोकळे नव्हते. त्यानं पोरीच्या छातीजवळ कान नेला. श्वास मोकळा होता.

"आठ दिस थांबलो असतो त..." डोमाजी म्हणाले. म्हणजे रोज विक म्हणणारे तेच.

"थांबलो असतो त हे पोरगी आज बोरीतच असती, बाबा."

डोमाजींनी पोरीकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केले. "मंग दे इकडं मले. तू जाय, तुयं काम कर."

अतुलनं दिली नाही.