गीझरचा वॉशर

हे मी कुणाजवळ काढलेलं नाही. नवऱ्याजवळ तर नाहीच — आई होती ती त्यांची. तुम्ही परके, म्हणून तोंड उघडतंय.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जयेंद्रगंजात राहायचो आम्ही. नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागे ह्यांची कचेरीही. सासूबाई म्हणाल्या, मी ग्वाल्हेर सोडायची नाही. मग त्यांच्याजवळ राहणार कोण? सून. हे तिकडे, मी इकडे त्यांच्या सोवळ्याओवळ्यात, आणि लग्न अजून नवंच. फार राग होता मला. पण सगळं त्या रागावर ढकलू नका — पुढचं ऐका.

घरात गीझर होता. कुण्या साहेबाच्या बंगल्यातला जुना, तांब्याच्या टाकीचा, ह्यांनी आणलेला. तो आला म्हणून पाणी तापवायचा बंब मी पाटणकर बाजारात मोडीत घातला. सासूबाई आधी कुरकुरल्या. पण ग्वाल्हेरची थंडी ती! पहिल्याच हिवाळ्यात गीझरवर खूष झाल्या. पहाटे ओलेत्यानं देवघरात शिरायच्या तेव्हा अंगातून वाफ निघत असायची.

पुढच्या थंडीच्या तोंडावर तो गळू लागला. मिस्त्रीनं उघडला तेव्हा सासूबाई देवळात गेल्या होत्या. जुना वॉशर निघाला चामड्याचा, कुजून काळा पडलेला. मिस्त्रीनं तो फेकला, रबराचा घातला, गळती थांबली. एवढंच. गप्प बसले असते तर काय बिघडत होतं?

संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "आई, गीझरच्या आत चामड्याचा वॉशर असतो. आज नवा घातला, तोही चामड्याचाच."

त्यांचा चेहरा — तो बघायलाच तर मी बोलले होते. चामड्याला लागलेल्या पाण्यानं न्हाऊन आपण देवाला शिवलो, म्हणून त्यांनी पंचगव्य घेतलं. गीझर सोडला; नळातही चामडं असणारच, म्हणून नळही सोडला. अंगणातल्या विहिरीचं पाणी घ्यायला लागल्या, पहाटेचं, गारढोण. चुलीवर तापवावं तर अंघोळीआधी चुलीला शिवायचं नाही. बंब मी घालवलेलाच होता. मी मात्र गीझरनंच न्हायचे. त्यामुळे चूल नि देवघर त्या एकट्या सांभाळू लागल्या. तेही माझ्या पथ्यावरच पडलं.

दुलईत पडून मी ऐकायचे. पहिला तांब्या अंगावर ओतला की त्यांचं स्तोत्र मधेच तुटायचं. त्या तुटण्याची मी वाट बघायचे. ऐकलंत ना? वाट बघायचे.

संक्रांतीला हे आले. सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, "येते मी भोपाळला. कुमुदनं सांगितलं म्हणून माझं सोवळं वाचलं. तिच्यासाठी एवढंही करू नये मी?"

झालं. मला हवं ते मिळालं. आता तरी सांगायचं की नाही? राग कुठे उरला होता? आणि तरी — जीभ हललीच नाही. खरं तर हलवलीच नाही.

हे तिकडे घर बघायला म्हणून परत गेले आणि गीझर पुन्हा बंद पडला. आमच्याकडचं पाणी खारं; कॉइलवर चुन्यासारखा थर चढून ती जळाली होती. मिस्त्री न्हाणीघरात खरवडत बसला. सासूबाई पडवीत उभ्या राहिल्या. थंडीनं त्यांची बोटं वळत नव्हती, ऐकूही कमी यायचं.

"कुमुद, रबराचा मिळतो का गं कुठे? विचार ना त्याला."

स्वतःसाठी काही मागताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी आत गेले आणि मिस्त्रीला विचारलं, "भैया, और कितने साल चलेगा ये?"

"तांबे की टंकी है, बहूजी. कॉइल बदलते रहो, अम्माजी के बाद भी चलेगा."

बाहेर येऊन मी सांगितलं, "नाही मिळत म्हणतो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पदराखाली हात चोळत आत गेल्या.

माघात त्यांच्या छातीत कफ भरला. कंपू भागातल्या हॉस्पिटलातून त्यांना घरी आणलं, ते चौघांच्या हातांवरच.

शेवटची अंघोळ मी घातली. शेजारच्या बायका म्हणाल्या, पाणी कोमट घे. मी गीझर लावला, बादली भरली, आणि हात बुडवून बघितलं — त्यांना सोसेल इतपतच आहे ना.