वीस मिनिटांची सायकल

कुवेतमध्ये सायकल चालवायचे महिने मोजून पाच, नोव्हेंबर ते मार्च. एरवी भर दुपारी सायकलवर बसणारा माणूस एकतर वेडा असतो किंवा नुकताच विमानातून उतरलेला. मी यातला कुणीच नव्हतो. आम्हाला तिथे चौथं वर्ष लागलं होतं, ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं, आणि मला सायकल हवी होती ती रोजच्या वीस मिनिटांसाठी.

मी कुवेत शहराच्या शर्क भागातल्या एका दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन होतो, बायको दुसऱ्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स. त्या वर्षी तिला कायमची दुपारची पाळी लागली. मी दोनला सुटायचो आणि दोन बस बदलून फरवानियाच्या आमच्या खोलीवर सव्वातीनला पोचायचो. तिला न्यायला हॉस्पिटलची व्हॅन बरोबर तीनला यायची. ती परतायची तेव्हा मी घोरत असे, आणि मी अंधारात आवरून निघायचो तेव्हा ती गाढ झोपेत. एका खोलीत राहून आम्ही चिठ्ठ्यांवर संसार करत होतो. ‘आमटी फ्रिजमध्ये आहे.’ ‘गॅस संपत आलाय.’ एकदा तिने लिहिलं, ‘मी केस कापले.’ ते मला शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी नीट दिसले. छान दिसत होते, आणि मला फार वाईट वाटलं.

त्याच शुक्रवारी मी गणित मांडलं. चांगली सायकल असेल तर शर्कहून चाळीस मिनिटांत घरी. म्हणजे तीन वाजेपर्यंत वीस मिनिटं उरतात, दोघांनी समोरासमोर बसून चहा घ्यायला पुरेशी. गावाकडची जड काळी सायकल उपयोगाची नव्हती, तिने तासभर घेतला असता. रेसची सायकल हवी, पण शर्यतीच्या हौशी पोरांची नको. कुवेतचा हिवाळा कोरडा असतो असं फक्त न राहिलेल्यांना वाटतं. डिसेंबरात पाऊस येतो, पाणी जायला जागा नसते, आणि रस्त्यावर साचलेली वाळू आणि तेल मिळून चिखल होतो. तेव्हा चाकांवर मडगार्ड पाहिजेच. अशी तयार सायकल कुठे मिळेना, म्हणून सुटे भाग जमवून जोडायची ठरवली.

सांगाडा मिळाला अहमदीत. तेल कंपनीच्या जुन्या घरांपैकी एकातला इंग्रज इंजिनियर मायदेशी निघाला होता आणि गॅरेज रिकामं करत होता. हिरव्या रंगाची, बारीक पोलादी नळ्यांची फ्रेम, ॲल्युमिनियमच्या रिंगांची चाकं, आणि चाक नि फ्रेम यांच्यामध्ये मडगार्ड बसेल एवढी ऐसपैस जागा. मी प्रत्येक जोडावरून बोट फिरवून तडा शोधला. धंद्याची सवय, दुसरं काय! खरं सांगायचं तर फ्रेम दवाखान्यात नेऊन तिचा फोटो काढायचा मोहही झाला होता.

फ्रेम घरी आणल्यावर ती तपासायला खालच्या मजल्यावरचा फिटर आला. मालवणकडचा, कंत्राटावर आलेला, एकटा राहणारा, आणि दर शुक्रवारी आमच्याकडे जेवणारा. दिवसभर तेलाच्या पायपांची जोडणी करत असल्याने त्याचा कुठल्याही नळीवर विश्वास नसे. त्याने मागच्या चाकाच्या खाचेपासून एक दोरा काढला, पुढच्या हँडलच्या नळीभोवती फिरवून दुसऱ्या बाजूने परत आणला, आणि मधल्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर पट्टीने मोजलं. फ्रेम पास झाली. मग त्याने पुढचं चाक धरणारा चिमटा, म्हणजे फोर्क, हातात घेतला, एक डोळा मिटला आणि मान हलवली.

“दादानू, ह्यो फोर्क वाकलो हा.”

“किती?”

“केसभर. पायपात इतको फरक चलात, पण हेच्यार तुमी बसतालात.”

मला ते केसभर काही दिसेना, पण त्या डोळ्यावरच त्याचं पोट चालत होतं. पुढचे तीन शुक्रवार आम्ही जुन्या बाजारात फोर्क शोधत हिंडलो. एक आखूड, एक गंजलेला, एक क्रोमचा झगझगीत पण मडगार्डच्या पट्ट्या अडकवायला कानच नसलेला. चौथ्या शुक्रवारी मोडक्या सायकलींच्या ढिगात हवा तसा सापडला. तेव्हा फिटरने तो डोळ्याला लावून असा काही न्याहाळला की विकणाराही त्याच्याशेजारी वाकून बघायला लागला.

राहिले ब्रेक. मडगार्डसाठी जागा सोडली की ब्रेकचे हात लांब लागतात, नाहीतर रबर रिंगपर्यंत पोचत नाही. तसे लांब हातांचे कोरे करकरीत ब्रेक मी आधीच मिळवले होते. पाऊलभर लांब डबी, आत पातळ कागद, त्यात ते चकचकीत जोड. आणि इथे मी ते केलं जे कुवेतमधला आमच्यापैकी प्रत्येक जण करतो. ते ब्रेक मी पलंगाखालच्या बॅगेत ठेवले, भारतात न्यायला. त्या बॅगेत दाढीचं मशीन, सहा टॉवेल, मिक्सर आणि एक घड्याळ आधीच होतं. चांगली वस्तू इथल्या वाळूत कोण खराब करणार? इथे काय, आपण कामापुरते. सायकलला मी कोपऱ्यावरच्या दुकानातले जुने आखूड ब्रेक लावले. त्यांची खाच कानशीने वाढवली, तेव्हा कुठे रबराचा अर्धा भाग रिंगेला टेकला.

फिटरने विचारलं, “नवे ब्रेक खंय?”

“आहेत जपून,” मी म्हणालो. त्याने पुन्हा पाना उचलला, कारण त्याच्याही पलंगाखाली बॅग होती.

तीन आठवडे स्वर्ग होता. दोन चाळीसला मी खाली घंटी वाजवायचो, वर गॅस लागायचा. त्या वीस मिनिटांत आम्ही वॉर्डातली भांडणं बोललो, तिच्या भावाच्या लग्नाचं बोललो, बऱ्याचदा नुसता चहा प्यायलो. मी लग्नाच्या पहिल्या वर्षात होतो त्याहून खुशीत होतो.

मग पाऊस आला. साचलेल्या पाण्यातून वाट काढताना मला आधीच वीस मिनिटं उशीर झाला होता. घरापासून पाच मिनिटांवरच्या गोल चौकात एक गाडी अचानक थांबली. मी दोन्ही ब्रेक आवळले. अर्धं टेकलेलं ते कडक रबर ओल्या रिंगेवरून नुसतं सरकलं. गाडी चुकवायला मी सायकल वळवली आणि बांधकामाच्या ओल्या वाळूच्या ढिगात तोंडावर पडलो. हाड मोडलं नाही, हे मला लगेच कळलं. तीन वाजायला आले आहेत, हे त्याआधी कळलं.

पोचलो तेव्हा तीन वाजून सहा मिनिटं झाली होती. व्हॅन उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि बायको पायरीवरून हलायला तयार नव्हती. मला बघताच ती धावत आली. गल्लीत, आठ नर्सेसच्या देखत, तिने माझी गळ्याची हाडं, मनगटं, बरगड्या दाबून पाहिल्या. सगळं शाबूत आहे म्हटल्यावर भडका उडाला.

“ब्रेक नाही लागले?”

“जुने आहेत ना…”

“आणि नवे?”

तिला उत्तर माहीतच होतं. बॅग तीच आवरायची.

“ते तिकडे नेऊन कुणाला थांबवणार आहात?” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “सायकल बंद. मला नको तो चहा.”

तेवढं बोलून ती व्हॅनमध्ये बसली. त्या रात्री चिठ्ठी नव्हती. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने बसने आलो, आणि सव्वातीनला रिकाम्या खोलीत सवयीने दोन कप चहा केला.

शुक्रवारी सकाळी मी डबी फोडली. फिटरने ब्रेक बसवले, तारा ताणल्या, रबराची कड रिंगेच्या कडेशी अशी जुळवली की कागद सरकू नये. बायको दारातून बघत होती. काम झाल्यावर ती बादली घेऊन आली आणि तिने स्वतः दोन्ही रिंगांवर पाणी ओतलं. रस्त्यावरही ओतलं. मग पन्नास पावलं चालत गेली आणि गल्लीच्या मधोमध माझ्याकडे तोंड करून उभी राहिली.

“या,” ती म्हणाली. “जोरात.”

“वैनीनू, बाजूक व्हा!” फिटर ओरडला.

ती हलली नाही. पदर खोचून, हात कमरेवर ठेवून उभी. मी म्हटलं, तू सरक, मी तिथे खूण करतो. ती म्हणाली, “मी इथेच आहे. तुम्हाला यायचंय की नाही ते सांगा.”

मी निघालो. तिसाव्या पावलापर्यंत पेडल मारत राहिलो, कारण हळू आलो असतो तर तिने परत पाठवलं असतं. मग आवळले. सायकल एकदाच थरथरली आणि थांबली. पुढचं चाक तिच्या चपलेपासून वीतभर लांब होतं. तिने एकदा खाली पाहिलं, माझी बोटं ब्रेकच्या दांड्यांवरून एकेक करून सोडवली आणि म्हणाली, “चला, चहा टाकते.”