उन्हात ठेवलेली गाडी

खुळ्ळ, खुळ्ळ, खण्ण! थंडीतल्या धुकट, कोवळ्या सकाळी, आगरातल्या पोफळी अजून दवानं निथळत असताना आमची लाल गाडी फाटकाबाहेर पडायची, आणि तिच्या अंतरंगातून हा ध्वनी उमटायचा. शेजारच्या वाडीतली कुत्री त्याला इमानानं साथ द्यायची. मुरूडजवळच्या ह्या किनाऱ्यावर नादांची काही वाण नाही. लाटांचं अखंड, गंभीर गुंजन आहे, झावळ्यांची सळसळ आहे, पाण्याच्या पंपाची धडधड आहे. पण ऐकताक्षणी माझ्या मस्तकाची शीर उठावी असा आवाज तो एकच! निवृत्तीनंतर माणसानं हौसेनं दोघांपुरती, टप उघडणारी, धावायला उतावीळ अशी जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी, आणि तिनं तान्ह्या मुलाच्या खुळखुळ्यासारखं वाजावं, ह्याला काय म्हणावं तुम्हीच सांगा.

दोष त्या बिचारीचा नव्हता. तिच्या पहिल्या मालकानं कंपनीचा मूळ गिअरचा दांडा काढून तिथे बाहेरून आणलेला एक आखूड, चकचकीत दांडा बसवला होता. मनगट किंचित हललं की गिअर बदलावा, अशी त्या तरुण जिवाची मनीषा! दांडा दिसायला राजबिंडा, पण बुडाशी सैल. गाडीनं वेग घेतला की तो थरथरे, आणि थरथरला की वाजे. मी मोठ्यानं गाणी लावून पाहिली, काच उघडून वाऱ्याला मध्यस्थ घालून पाहिलं. तरी तो वाजायचाच, आणि मी सोसायचोच.

सोसला नाही तो सुनंदानं, माझ्या बायकोनं. तिचं माहेर खाडीपलीकडे, दिघीहून थोडं पुढे. गेल्या माघी गणपतीला तिथे पंगतीत बसल्या बसल्या ती सहज बोलून गेली की मी गाडी शिकतेय. झालं! तिचे दोघे भाऊ ताटावरच खो खो हसायला लागले. धाकटा म्हणाला, “ताई, निघालीस की आधी फोन कर हां, आम्ही म्हशी गोठ्यात बांधून ठेवतो.” सगळी पंगत हसली, तीही हसली. पण तिच्या हातातला घास तसाच राहिलेला मी पाहिला. मग पाणी पिऊन ती शांतपणे म्हणाली, “पुढच्या माघीला मी गाडी घेऊन येईन. बोटीवर चढवून. स्वतः.” जन्मभर शाळेत मुलांना शिकवलेली बाई ती, तिचं ‘स्वतः’ म्हणजे फळ्यावर लिहिलेलं.

ती शिकली, परवाना मिळवला, रोज संध्याकाळी किनाऱ्याच्या रस्त्यानं हात बसवला. अडलं ते एकाच ठिकाणी. “अहो, ह्या खुळखुळ्यात मला कळतच नाही, गिअर पडलाय की नुसता वाजतोय! एवढा आवाज बंद करा, मग बघा.” माघी गणपती तर उद्यावर आलेला. मी बाह्या सरसावल्या.

त्या दुपारी मी दांड्याभोवतीचं चामड्याचं वेष्टन उचकटलं आणि आत डोकावलो. दांड्याच्या बुडाचा गोळा ज्या खाचेत बसतो तिथली चकती पार झिजून गेली होती; लोखंड लोखंडावर आपटत होतं. एवढंसं कारण, आणि वर्षभराचा उपद्रव! जुन्या रबरी चपलेच्या तळव्यातून मी एक छानशी चकती कापली, बसवली, नट आवळले. काम चोख झालं होतं. इथेच थांबलो असतो तर! पण आगरातल्या माणसाचा हात शेवटी वळतो कुठे? खोबरेलाच्या बाटलीकडे. आमच्याकडे ते केसांना लागतं, भाजल्यावर लागतं, झोपाळ्याच्या कड्यांना, गंजल्या कुलपाला, शिवणयंत्राला, रुसलेल्या बिजागरीला लागतं. घरच्या खोबऱ्याचं, घाण्यावरून काढून आणलेलं, चांदण्यासारखं नितळ तेल! गाडीनं तरी त्याला का वंचित राहावं? मी ते खाचेत ओतलं, दांड्यावर ओतलं, आणि मागचा गिअर टाकायला जी कडी वर उचलावी लागते, तिच्या आत तर अगदी सढळ हातानं ओतलं.

आणि काय सांगू! संध्याकाळी सुनंदा गाडी घेऊन निघाली आणि गाडीत लाटांचा आवाज ऐकू आला. वर्षभरात पहिल्यांदा! “अहो, दुसरा पडलेला कळला मला! हाताला कळला!” ती लहान मुलीसारखी ओरडली. मला इतका आनंद झाला की रात्री जेवताना मी स्वतःचीच दोनदा स्तुती केली.

दुसऱ्या दिवशी गारठा असा पडला होता की बोलताना तोंडातून वाफ निघावी. घरापासून आगरदांड्याचा धक्का जवळच. तेवढ्या वाटेत दांडा जरा जड वाटतोय, असं ती म्हणाली. मी म्हटलं, नवीन काम आहे, बसेल हळूहळू. गाड्या खाडीपलीकडे नेणारी बोट लागलेलीच होती. तिथली रीत अशी, की गाडी उलटी बोटीवर चढवायची, म्हणजे पलीकडे सरळ तोंडानं उतरता येतं. माणसांनी आधी खाली उतरायचं, गाडीत फक्त चालवणारा. मी उतरलो. बोटीवरचा माणूस हात हलवून म्हणाला, “काकू, रिवस घ्या. येऊ द्या सावकाश.”

सुनंदानं कडी उचलली. कडी ढिम्म. पुन्हा उचलली, दोन्ही हातांनी ओढली. मागे टेम्पोवाल्यानं हॉर्न लावला. कुणीतरी म्हणालं, “काकूंना न्हाय जमत. काका, तुमीच बसा की!” मी पुढे झालो, आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी जागच्या जागी थिजलो. अखेर तिनंच गाडी पुढे घेऊन बाजूला लावली. बोट आम्हाला न घेता सुटली. तिचे ओठ घट्ट मिटले होते, डोळे भरले होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी कडीशी झटापट करायला लागलो, तेवढ्यात तिनं कडीच्या काठावरून बोट फिरवलं. बोटावर पांढरा, मेणासारखा थर आला. तिनं तो नाकाशी नेला. “अहो, तुम्ही ह्यात खोबरेल घातलंत?” मी मान हलवली. “थंडीत?” आणि मग ती जी हसत सुटली! थंडीच्या दिवसांत आमच्याकडे प्रत्येक घराच्या पायरीवर तेलाची बाटली उन्हात ठेवलेली असते. आमच्या घरची ठेवतो रोज मीच. एवढं कळत असूनही मी हा प्रताप केला होता! तिनं टप उघडला, गाडीचं तोंड सूर्याकडे केलं आणि मला म्हणाली, “चला, चहा घेऊ.”

केवढं ते सुखाचं ऊन! खाडी चमकत होती, होड्या झुलत होत्या, आणि आमची लाल स्पोर्ट्स कार धक्क्यावर वाळवणासारखी पसरली होती. “बंद पडली काय?” जाणारे-येणारे विचारत. “न्हाय हो, उन्हात ठेवलीय,” सुनंदा ऐटीत उत्तर देई. एरवी किती बोटींमागे आपण जिवाच्या आकांतानं धावतो! आणि ऊन चढण्याची वाट पाहण्यात एवढा आनंद असतो, हे आपल्याला सांगतं कोण?

पुढची बोट लागली तेव्हा कडी लोण्यातून सुरी जावी तशी उचलली गेली. गाडी मागे सरकू लागली. पुढे जाण्याच्या धैर्याचे गोडवे सगळेच गातात. पण जगाच्या देखत, मान वळवून, तसूतसूनं मागे सरकत नेमक्या जागी पोचणं, ह्याला काय कमी छाती लागते? “येऊ द्या, येऊ द्या… बास! काकू, एक नंबर!”

पूर्ण खाडी पार होईपर्यंत ती गाडीतून उतरली नाही. मी कठड्याशी उभा राहून अभिमानानं फुगत होतो. दिघी आली. शेवटी चढलेली म्हणून तिचीच गाडी पहिली उतरली, चढण चढली आणि वळणाआड गेली. मी इतर माणसांबरोबर चालत वर आलो. पाहतो तो रस्त्यावर गाडी नाही!

मागून बोटीवरचा तो माणूस आला. “काका, काकू सांगून गेल्या, तुम्ही रिक्षानं या. आणि घाई करू नका बोलल्या.”

क्षणभर मला राग आला, खोटं कशाला बोलू? मग डोक्यात प्रकाश पडला. मी शेजारी बसलेला दिसलो असतो, तर तिचे भाऊ काय म्हणाले असते? गाडी दाजींनीच आणली, वळणावर ताईला चालवायला बसवलं! ह्या गाडीत जागा दोनच. त्यातली एक रिकामी दिसली, तरच तिचं ‘स्वतः’ खरं होणार होतं. मी एकटाच हसायला लागलो, आणि हसता हसता डोळे भरून आले.

रिक्षावाला केव्हाचा म्हणत होता, “बसा काका, सोडतो.”

मी म्हटलं, “थांब रे जरा. काकूंना पोचू दे.”