दारातलं बाकडं

रेइनो एके काळी बर्फाळ उत्तरेतल्या कुओपिओ गावच्या तळ्यावर लाकडी होड्या बांधायचा. बायको गेली, बाटली आली, मग काम गेलं, खोली गेली. उरला पूल आणि पुलाखालचा सोबती कौको. हिवाळ्यात दोघं पाठीला पाठ लावून निजत. एकाची ऊब दुसऱ्याला.

नगरपालिकेनं बेघरांसाठी सगळं लाकडाचंच घर बांधायचं काढलं, तेव्हा आराखडा करणारी सिर्का पुलाखाली येऊन बसली. कागद पसरून म्हणाली, "राहणार तुम्ही, तर सांगा तुम्हीच."

तिनं दाराशी, छपराखाली, लांबलचक बाकडं काढलं होतं. रेइनोनं त्यावर बोट ठेवलं.

"हे पुसून टाक, पोरी."

"का? उन्हात बसाल की."

"ऊन चार दिस. बाकी वरीसभर स्टेशनावर पडल्याली समदी बेघर हितं येऊन टेकतील. आदी दारात, मग खोलीत, मग खोली त्यांची आन् आपुन भायेर. लई जणांची घरं अशीच गेली. आन् ज्यानं कुठं आग लावली आसंल त्याला आत घेऊ नका. लाकूड हाय."

सिर्कानं बाकडं खोडलं. आगीचा नियमही झाला.

रेइनोला त्या घरात खोली मिळाली. कौकोला गावाच्या दुसऱ्या टोकाला, विटांच्या घरात मिळाली. पण गड्याला जाळाशिवाय डोळाच लागेना. एका रात्री त्यानं फरशीवरच लाकडं रचून पेटवली आणि शेजारी निवांत घोरत पडला. खोली गेली.

जानेवारीत, दुपारीच अंधार पडलेला असताना, तो रेइनोच्या दारात आला. बर्फ नुसता कोसळत होता.

"आत घे त्याला," रेइनो दारावर राखणीला असलेल्या मार्युतला म्हणाला.

"नियम तुमचाच हाय, रेइनो. वर माणसं झोपत्यात. दवाखान्याची गाडी बोलावलीय मी, बर्फात अडकलीय."

काचेपलीकडून कौको ओरडला, "ए राजे! बूड टेकायला तरी काय ठेवलंय का हितं? कुठल्या मुडद्यानं बांधलं हे घर?"

रेइनो वर गेला, गोधडी आणि स्वतः केलेलं बर्चच्या लाकडाचं स्टूल घेऊन बाहेर आला. कौकोला स्टुलावर बसवलं, मागं उभा राहून त्याची पाठ पोटाशी धरली. कौकोची थरथर थांबली होती. थरथर थांबली की माणूस गोठायला लागतो, हे पुलाखालच्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही.

"बोल, भाड्या. निजू नको."

"काय बोलू?"

"शिव्या दे."

"कुणाला?"

"घर बांधणाऱ्याला."

कौकोनं दोन दिल्या, चांगल्या सणसणीत. तिसरी तोंडातच राहिली. रेइनोनं थोबाडीत मारल्या, केस उपटले. गाडी आली तेव्हा ड्रायव्हरला रेइनोचे हात ओढून सोडवावे लागले.

दवाखान्यात कौको शुद्धीवर आलाच नाही.

ते स्टूल रेइनो आता रोज दाराबाहेर, बाकड्याच्या जागी नेऊन ठेवतो. बर्फानं भिजून त्याचे सांधे सुटायला लागलेत. मार्युत ते आत आणते, पुसते, भिंतीला लावते.

"कुणी बसत न्हाई वो त्याच्यावर," ती म्हणते.

रेइनो ते उचलतो आणि परत बाहेर नेतो.