जाईबाईंची सातची पत्ती

अठ्ठावन्न साली परळच्या आमच्या शाळेत पहिलीच्या दोन तुकड्या होत्या. ‘अ’ माझी, ‘ब’ जाईबाईंची. मला शिकवायला लागून बारा वर्षं झाली होती, त्यांना बारा महिनेही नव्हते.

त्या नायगावच्या चाळीतून चालत येत. आई सुंदराबाई गिरणीत. घर दोनच वर्षांपूर्वी बौद्ध झालेलं. बोलणं हळू, पण काम नेटकं. हिंदमाताच्या दुकानांतून कापडाच्या ठाणातले पुठ्ठे मागून आणत, पत्त्यांएवढे कापून त्यांवर निळीचे ठिपके काढत. एक ते नऊ, आणि पाचाची एक जास्तीची. मुलांनी दहाच्या जोड्या लावायच्या. आठाशेजारी दोन, सहाशेजारी चार.

माझी मुलं बोटं मोजत बसायची. भिंतीपलीकडून ओरडा यायचा, “नवाची जोडी कोण?” “एक!” माझ्या हातातला खडू मोडायचा.

“पत्ते खेळायला शिकवतेय ती,” मी हेडमास्तरांना म्हटलं.

“खेळू दे की मृणालिनीबाई! बेरीज येतेय ना?”

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांमुळे इन्स्पेक्टरसाहेबांची तपासणी दोनदा पुढे गेली होती. अखेर सोमवारी दुपारी ते येणार होते. ज्या बाईचा वर्ग त्यांना आवडेल, तिने दादरला सगळ्या शिक्षकांसमोर नमुना पाठ घ्यायचा. तो मान मला हवा होता. मधल्या सुट्टीत मी ‘ब’च्या टेबलावरून सातची पत्ती उचलली आणि माझ्या पिशवीत टाकली.

साहेबांनी शेवंती नावाच्या चिमुरडीला पुढे बोलावलं. मी दारात उभी. तिने भराभर जोड्या लावल्या आणि तीनपाशी अडली. जाईबाईंचा चेहरा उतरला. शेवंतीने टेबलाखाली वाकून पाहिलं, मग कमरेवर हात ठेवले.

“बाई, सात हरवला! कोणीतरी नेला.”

“सातच कशावरून गं?” साहेबांनी विचारलं.

“मग तीन एकटा कसा राहिला?”

साहेब खो-खो हसले. “समोर नाही तो आकडाही हिला दिसतो!” दादरचा पाठ जाईबाईंना मिळाला, आणि तो माझ्याच हाताने.

शाळा सुटल्यावर मी ती पत्ती त्यांच्यासमोर ठेवली. आता चार शब्द ऐकवतील, असं वाटलं. त्यांनी ती परत माझ्याकडे सरकवली.

“राहू द्या. मी नवी काढते. बाकीच्या नऊही काढून उद्या तुम्हाला आणून देईन. एकट्या सातचं तुम्ही काय करणार?”

मी ती घेतली. पायऱ्या उतरताना मला त्यांच्या त्या मोठेपणाचाही हेवा वाटत होता.